केमिकल प्लांटमधली सर्क्युलर इकॉनॉमी : सॉल्व्हंट, स्पेंट ॲसिड, मदर लिकर आणि स्लजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआयडीसीतल्या छोट्या-मध्यम केमिकल युनिटमध्ये प्रोडक्शनला बरीच वर्षं काढली. नवीन पोरं, मालक, कधी ईएचएसवाले (पर्यावरण-सेफ्टी बघणारे), सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. भाषा प्लांटवरचीच आहे, सांभाळून घ्या.

सर्क्युलर इकॉनॉमी म्हणजे आमच्या प्लांटमध्ये नेमकं काय?

बॅचमध्ये जेवढे किलो टाकले त्यातले प्रॉडक्ट म्हणून किती बाहेर पडले, आणि बाकीचे कुठे गेले? हा एवढाच प्रश्न आहे. बाकीचे म्हणजे वेंटमधून (वाफ बाहेर सोडणारा पाइप) हवेत, ईटीपीत (सांडपाणी साफ करायचा प्लांट), ड्रममध्ये, नाहीतर स्लजमध्ये (चिखलासारखा गाळ). ते किलो परत कामाला लावणं म्हणजे सर्क्युलर, आणि मुळात कमी टाकून तेवढंच प्रॉडक्ट काढणं म्हणजे रिसोर्स एफिशियन्सी. यातली दुसरी गोष्ट नेहमी स्वस्त पडते पण तिच्यावर पोस्टर छापता येत नाही म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, माल रिॲक्टरच्या जितका जवळ वेगळा ठेवाल तितकी त्याला किंमत, एकदा दुसऱ्यात मिसळला की गेला. दुधात ताक पडल्यावर दूध परत मागून काय उपयोग?

हे नवीन फॅड आहे का?

अजिबात नाही. इंग्लंडमध्ये लेब्लांक पद्धतीने सोडा ॲश बनायची तेव्हा एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक ॲसिडचा) वायू सरळ चिमणीतून सोडून द्यायचे, आजूबाजूची शेतं आणि झाडं जळून जायची. १८६३ मध्ये अल्कली ॲक्ट आला आणि ९५ टक्के एचसीएल पकडणं सक्तीचं झालं. मग पकडलेल्या ॲसिडचं करायचं काय? तर वेल्डन आणि डीकन या केमिस्टांनी त्यातून क्लोरीन काढायच्या पद्धती बसवल्या, क्लोरीनची ब्लीचिंग पावडर झाली, आणि जो वायू फेकून द्यायचे त्याच्याच जिवावर पुढे कित्येक लेब्लांक कारखाने तगले. कारण तोपर्यंत सोडा ॲश बनवायची सॉल्व्हेची पद्धत आली होती, जिच्यात अमोनिया आतल्या आत फिरवून परत वापरतात आणि म्हणून ती स्वस्त पडायची. म्हणजे कायद्याने आधी कान पकडला आणि मग धंदा सापडला. आपल्याकडेही बहुतेक वेळा क्रम हाच असतो.

सल्फरचंही तसंच. आज जगात विकला जाणारा बहुतेक सल्फर खाणीतला नाही, तेल आणि गॅस साफ करताना निघालेला आहे. त्याचंच सल्फ्युरिक ॲसिड होऊन तुमच्या टँकरमध्ये येतं.

मोजायचं कसं? यील्ड ९२ टक्के आहे म्हणजे चांगलंच ना?

यील्ड (जितकं प्रॉडक्ट निघायला हवं त्यातलं किती निघालं) फसवतं. यील्डमध्ये सॉल्व्हंट (ज्या द्रवात विरघळवून रिॲक्शन करतो तो) येत नाही, ॲसिड मारायला म्हणजे न्यूट्रलायझेशनला टाकलेला कॉस्टिक सोडा येत नाही, वॉशिंगचं पाणी तर नाहीच नाही. रॉजर शेल्डन या केमिस्टनी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला, एक किलो प्रॉडक्टमागे किती किलो कचरा. त्यांच्या आकड्यांप्रमाणे ऑइल रिफायनरीत ०.१ च्या आसपास, बल्क केमिकलला १ ते ५, फाइन केमिकलला ५ ते ५०, आणि फार्मात २५ ते १०० किंवा त्याहून जास्त. गंमत बघा, ज्या रिफायनरीला सगळे नावं ठेवतात ती या हिशेबात सगळ्यात टापटीप, आणि पांढऱ्या कोटातला फार्मा सगळ्यात पसाऱ्याचा!

शिवाय रिॲक्शनच मुळात किती उधळी आहे हे बघायला ॲटम इकॉनॉमी असते. आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या औषधाचं उदाहरण सगळीकडे देतात, मीही देतो, कारण ते खरंच चांगलं आहे. जुनी पद्धत सहा स्टेपची, टाकलेल्या अणूंपैकी ४० टक्केच गोळीत जायचे. नव्वदच्या दशकात आली ती तीन स्टेपची, ७७ टक्के, आणि बाजूला निघणारं ॲसिटिक ॲसिड परत घेतलं तर जवळजवळ ९९.

पण तुमच्या प्लांटला हे सगळं नंतर. आधी एका प्रॉडक्टचं मास बॅलन्स (किती किलो आत, किती बाहेर) कागदावर काढा. पहिल्यांदा काढलं की पाच-दहा टक्के माल "सापडत नाही" आणि तिथेच खरी मजा सुरू होते.

सॉल्व्हंट रिकव्हरी ९० टक्के आहे आमची. ९५ करून असा काय मोठा फायदा? पाचच टक्के ना?

इथेच सगळे चुकतात, मालक तर हमखास. ९० टक्के रिकव्हरीला दर बॅचला १०० पैकी १० किलो नवीन आणावं लागतं, ९५ ला फक्त ५. म्हणजे खरेदी निम्मी झाली, आणि जे हवेत-पाण्यात जात होतं तेही निम्मं. दुसऱ्या बाजूने बघा, एक किलो सॉल्व्हंट आधी सरासरी १० बॅच टिकायचा, आता २० टिकतो.

आकडे घालून बघू. समजा बॅचला २००० किलो टोल्यूइन, वर्षाला ३०० बॅच, भाव किलोला ९० रुपये धरू (भाव रोज हलतो, हिशेबापुरता). लॉस २०० वरून १०० किलोवर आला की वर्षाला ३० हजार किलो वाचलं, म्हणजे २७ लाख. शिवाय तेवढा सीओडी (पाण्यातल्या ऑरगॅनिक घाणीचं माप) ईटीपीला कमी, तेवढी धास्ती कमी. एका बऱ्यापैकी कंडेन्सरचे (वाफ थंड करून परत द्रव करणारा) पैसे यातून सुटतात की नाही ते तुम्हीच बघा.

मग तो लॉस जातो कुठे? लिकेज तर कुठे दिसत नाही.

दिसणार नाहीच, वाफ आहे ती. पहिला संशयित वेंट. एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड हा सॉल्व्हंट) साधारण ४० अंशाला उकळतं, आणि मे महिन्यात लोट्याला किंवा तारापूरला कूलिंग टॉवरचं पाणीच ३२-३४ अंशाला असतं. ३५ अंशाला वेंटमधून जो वायू निघतो त्यात दहातले आठ भाग एमडीसीच असतं, नायट्रोजन फक्त तोंडी लावायला! तिथे मेन कंडेन्सरनंतर चिल्ड ब्राइनचा (गार केलेल्या मिठाच्या पाण्याचा) वेंट कंडेन्सर पाहिजेच. उणे १० अंशाला हाच आकडा दहात एकाच्या आसपास येतो.

दुसरा संशयित नायट्रोजन स्वतः. ऑपरेटर ब्लँकेटिंगचा (आग लागू नये म्हणून भांड्यात नायट्रोजन भरून ठेवायचा) व्हॉल्व्ह जरा जास्त उघडून ठेवतो, "सेफ्टी आहे साहेब", आणि तो नायट्रोजन रात्रभर सॉल्व्हंट हाताला धरून बाहेर नेतो. रोटामीटर (वायू किती वाहतोय ते दाखवणारा) लावा, तेवढ्याने भागतं. तिसरा संशयित व्हॅक्युम पंप, त्यात पाण्यावर चालणारा वॉटर रिंग असेल तर सॉल्व्हंट थेट पाण्यात, पाणी ईटीपीत. चौथा, सेंट्रिफ्यूजचं झाकण आणि त्यातून निघालेला ओला केक (गाळलेला घट्ट माल) ट्रे ड्रायरपर्यंत उघड्या ट्रॉलीतून नेणं. वास येतोय म्हणजे पैसे उडतायत, एवढं साधं आहे ते, आणि नेणाऱ्या पोराच्या फुप्फुसात जातायत ते वेगळंच.

वेगवेगळे सॉल्व्हंट एकाच ड्रममध्ये जमवले तर चालतील का? नंतर डिस्टिलेशन कॉलमला वेगळे करू.

नको. एका ठिकाणी (नाव नको) मी स्वतः हे भोगलंय. मिथेनॉल आणि टोल्यूइन, दोघांचे उकळबिंदू बघा, ६५ आणि ११०, इतका फरक, म्हणून बिनधास्त एकत्र साठवलं. कॉलम लावला तर वरून दोघं हातात हात घालून आले, कारण त्यांचा ॲझिओट्रोप (एकत्रच उकळणारं मिश्रण) होतो आणि तो ६४ अंशाच्या आसपासच उकळतो. दोन दिवस रिफ्लक्स (वरून कॉलममध्ये परत सोडायचा द्रव) वाढव, कमी कर, काही फरक नाही. शेवटी एका जुन्या सुपरवायझर काकांनी पाण्याने वॉश करायला सांगितलं, मिथेनॉल पाण्यात गेलं आणि टोल्यूइन वर तरंगलं. टोल्यूइन वाचलं खरं, पण मिथेनॉलवालं पाणी आता नवीन डोकेदुखी. आधीच वेगळे ड्रम, वेगळ्या रंगाचे पट्टे केले असते तर काही करावंच लागलं नसतं.

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) आणि पाणी, इथेनॉल आणि पाणी, सगळ्यांची हीच कथा. इथेनॉल साध्या डिस्टिलेशनने ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही, पुढचं पाणी मॉलिक्युलर सिव्हने (पाणी शोषणारे दाणे) काढावं लागतं.

आणि एक कळकळीची गोष्ट. रिकव्हरीच्या स्टिलचा (उकळायच्या भांड्याचा) तळ कधीच कोरडा करायचा नाही, "अजून थोडं निघेल" म्हणून ताणायचं नाही. तळाच्या रेसिड्यूमध्ये नायट्रो कंपाउंड किंवा पेरॉक्साइड असेल तर ते तापून फुटतं. टीएचएफ आणि ईथरमध्ये साठवणीत पेरॉक्साइड तयार होतात, आधी टेस्ट, मग हीटिंग. शेवटच्या दहा लिटरसाठी कोणाचा जीव जायला नको.

मदर लिकर किती वेळा परत वापरता येते?

मदर लिकर (एमएल) म्हणजे क्रिस्टल गाळून उरलेलं द्रावण. "पाच वेळा" असं उत्तर सगळ्यांना पाहिजे असतं, पण तसं नसतं. प्रत्येक बॅचमध्ये थोडी इम्प्युरिटी तयार होते, एमएल परत फिरवली की ती साठत जाते. दर बॅचला १० टक्के एमएल बाहेर काढली (पर्ज) तर इम्प्युरिटी एका बॅचच्या दहापटीवर जाऊन स्थिरावते, २० टक्के काढली तर पाचपटीवर. आता दहापट इम्प्युरिटी असताना तुमचा क्रिस्टल स्पेकमध्ये (ठरलेल्या दर्जात) बसतो का ते लॅबमध्ये बघा, त्यावरून पर्ज ठरवा. पर्ज शून्य ठेवून मी कोणाला टिकलेलं पाहिलं नाही, दहाव्या-बाराव्या बॅचला रंग येतोच, आणि मग सगळी एमएल एकदम फेकतात, म्हणजे होतं तिथेच परत.

फार्मात रिकव्हर्ड सॉल्व्हंट चालतो का? क्यूए (क्वालिटी खातं) नाही म्हणतं.

चालतो. एपीआयसाठी (औषधातला मूळ घटक) जी आयसीएच क्यू७ ही आंतरराष्ट्रीय गाइडलाइन आहे तिच्यात रिकव्हरीला परवानगी आहे, फक्त प्रोसेस कंट्रोलमध्ये पाहिजे आणि सॉल्व्हंट ठरलेल्या स्पेकमध्ये बसला पाहिजे. पण क्यूएचं घाबरणं उगीच नाही. २०१८ मध्ये व्हॅल्सार्टनच्या (ब्लडप्रेशरच्या) गोळ्यांमध्ये एनडीएमए नावाचं, कॅन्सरचा धोका असलेलं नायट्रोसामाइन सापडलं आणि जगभर माल परत बोलवावा लागला. मूळ कारण प्रोसेसमधला सोडियम नायट्राइट आणि डीएमएफ हा सॉल्व्हंट, पण पुढे तपास वाढला तेव्हा रिकव्हर केलेले सॉल्व्हंट आणि कॅटलिस्ट हेही नायट्रोसामाइन शिरायची वाट असू शकतात हे पुढे आलं, विशेषतः बाहेरच्या रिकव्हरीवाल्याकडे दहा कंपन्यांचा माल एकाच इक्विपमेंटमध्ये होत असेल तर. म्हणून माझा सल्ला, ज्या स्टेजचा सॉल्व्हंट त्याच स्टेजला, शक्यतो स्वतःच्याच आवारात. परत तेच, मिसळू नका.

स्पेंट (वापरून झालेल्या) सल्फ्युरिक ॲसिडचं काय करायचं? चुना टाकून मारतो आम्ही.

चुना टाकला की जिप्समचा डोंगर होतो, आणि तो रंगीत, ऑरगॅनिकने भरलेला असल्यामुळे कोणी घेत नाही. म्हणजे एक कचरा मारून दुसरा जन्माला घातला. त्यापेक्षा २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट रूल्समध्ये नियम ९ आहे, त्याखाली एकाचा वेस्ट दुसऱ्याला कच्चा माल म्हणून देता येतो. सीपीसीबीने (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) वेगवेगळ्या वेस्टसाठी एसओपी (ठरलेली कार्यपद्धत) काढल्यात, त्या एसओपीप्रमाणे घेणाऱ्याकडे परवानगी पाहिजे आणि माल जाताना मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म १० पाहिजे. स्पेंट सल्फ्युरिक असं फेरस सल्फेट, फिटकरी अशा गोष्टींना जातं.

इथेही ॲसिड कुठून आलंय ते महत्त्वाचं. नायट्रेशनचं वेगळं, सल्फोनेशनचं वेगळं, गॅस ड्राइंगचं (गॅस कोरडा करायला वापरलेलं) वेगळं. गॅस ड्राइंगचं बऱ्यापैकी स्वच्छ असतं, तेच नायट्रेशनच्या टाकीत ओतलं की दोन्हीची किंमत शून्य. आणि सल्फाइड किंवा सायनाइडचा अंश असलेल्या स्ट्रीमजवळ ॲसिड नेऊसुद्धा नका, जो गॅस सुटतो तो चूक सुधारायला वेळ देत नाही. स्वच्छ करण्यापलीकडे गेलेलं ॲसिड मोठ्या प्लांटमध्ये हजार अंशाच्या आसपास जाळून एसओ२ करतात आणि परत ताजं ॲसिड बनवतात. तंत्र उत्तम, पण ते छोट्या युनिटच्या खिशातलं काम नाही.

एचसीएल तर कोणी फुकटसुद्धा घेत नाही!

खरंय. क्लोरिनेशनमध्ये ७१ किलो क्लोरीन टाकला तर अर्धाच प्रॉडक्टमध्ये जातो, उरलेला ३६.५ किलो एचसीएल होऊन बाहेर. सगळ्यांकडेच निघतो, म्हणून कधीकधी घेणाऱ्याला वरून गाडीभाडं द्यावं लागतं. स्क्रबरमध्ये (वायू पाण्यात शोषून घेणारा टॉवर) स्वच्छ ३० टक्के काढलात तर निदान विकला जातो, त्यात ऑरगॅनिकचा वास आला की संपलं. डीकनची ती जुनी कल्पना, एचसीएलमधून परत क्लोरीन, आता रुथेनियमच्या कॅटलिस्टवर मोठ्या प्लांटमध्ये चालते. दीडशे वर्षांनी फिरून तिथेच आलो की!

आयर्न स्लज खूप निघतो. कमी कसा करू?

नायट्रो कंपाउंडचं अमाइन करायला लोखंडाचा चुरा वापरता ना, मग निघणारच. गणित करून बघा, ॲनिलीन या अमाइनसाठी एक किलो प्रॉडक्टमागे जवळपास १.९ किलो कोरडा आयर्न ऑक्साइड, ओला आणि ऑरगॅनिकसकट तर आणखी. तेच हायड्रोजन आणि कॅटलिस्टवर केलं तर बाजूला फक्त पाणी निघतं, किलोमागे साधारण ०.४ किलो. पण प्रेशरचा रिॲक्टर, हायड्रोजनची सेफ्टी, कॅटलिस्टचा खर्च, हे सगळं आलं, महिन्याला दोन टन माल करणाऱ्याला ते झेपत नाही हेही मान्य.

एक किस्सा मला फार आवडतो. जर्मनीत क्रेफेल्ड-युर्डिंगेनला गेल्या शतकाच्या विशीत लाउक्स नावाच्या केमिस्टने याच रिॲक्शनमध्ये मीठ-ॲसिड असं बदलून बघितलं की स्लजचा रंगच सुधारला, पिवळा, काळा, भाजल्यावर लाल, चक्क पिगमेंट दर्जाचा. पुढे पिगमेंट हाच मोठा धंदा झाला. आपला स्लज इतका देखणा नसतो, तो बहुतेक करून सिमेंट किल्नला (भट्टीला) को-प्रोसेसिंगला (सिमेंटच्या मालासोबत भाजायला) जाऊ शकतो, क्लिंकर (सिमेंटचा भाजलेला माल) १४५० अंशाला बनतो आणि लोखंड तिथे लागतंच. नाहीतर मग तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीचं लँडफिल आहेच, पैसे भरा आणि पुरा.

आमच्याकडे झेडएलडी (सांडपाणी अजिबात बाहेर न सोडणं) आहे. म्हणजे आम्ही सर्क्युलर झालो ना?

पाण्यापुरते झालात, बाकी नाही. एक किलो पाणी उडवायला ५४० किलोकॅलरी लागतात, एमईईत (बाष्पीभवनाच्या यंत्रात) तीन-चार इफेक्ट म्हणजे टप्पे लावून ती उष्णता परत परत वापरतो म्हणून जमतं, तरी बॉयलरमध्ये कोळसा नाहीतर ब्रिकेट जळतेच. शेवटी एटीएफडीतून (शेवटच्या ड्रायरमधून) जे मीठ पडतं ते सोडियम क्लोराइड, सल्फेट आणि तपकिरी चिकट कायतरी असं मिश्रण, विकत घेणार कोण? सगळे स्ट्रीम एका टाकीत घेतल्याचा हा परिणाम. जास्त टीडीएसवालं (विरघळलेल्या क्षारांचं), जास्त सीओडीवालं आणि नुसतं फ्लोअर वॉशिंगचं पाणी वेगळं ठेवलं तर एमईईचा लोड बराच उतरतो, आणि एखाद्या स्ट्रीममधून एकाच जातीचं मीठ निघालं तर त्याला गिऱ्हाईकही मिळू शकतं. त्याहून सोपं म्हणजे धुवायचं पाणी कमी करा, उलट्या क्रमाने धुवा, म्हणजे दुसऱ्या वॉशचं पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या वॉशला.

स्टीमचा याच्याशी काय संबंध?

कंडेन्सेट (स्टीम थंड होऊन झालेलं पाणी) गटारात सोडत असाल तर आहे. बॉयलरच्या फीडवॉटरचं तापमान ६ अंशाने वाढलं की साधारण १ टक्का इंधन वाचतं. ९० अंशाचं तयार, बिनक्षाराचं पाणी सोडून देऊन ३० अंशाचं सॉफ्ट पाणी विकत घेतो आपण! स्टीम ट्रॅप (स्टीम अडवून फक्त कंडेन्सेट सोडणारे) महिन्यातून एकदा तपासा. बस, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

महाराष्ट्रात खरंच हे कुठे नीट चालतं?

साखर कारखान्यांकडे बघा. बगॅस (उसाचं चिपाड) बॉयलरला, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) शेतात, मळी डिस्टिलरीला. अडचण होती स्पेंट वॉशची (डिस्टिलरीच्या सांडपाण्याची), एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर निघतो, काळाकुट्ट, आणि नदीत गेला की मासे मेलेच. आता तो घट्ट करून बॉयलरमध्ये जाळतात आणि राखेत उसाने जमिनीतून घेतलेला पोटॅश उरतो. त्याचं पीडीएम (पोटॅश डिराइव्ह्ड फ्रॉम मोलॅसिस) नावाचं खत होतं, १४.५ टक्के पोटॅशवालं. आपला देश पोटॅश जवळपास सगळा बाहेरून आणतो, त्यामुळे ही राख नुसती राख नाही. हे जमलं कारण स्ट्रीम एकच आहे, रोज तोच आहे आणि भरपूर आहे.

मग आमच्या एमआयडीसीत शेजारी-शेजारी का जमत नाही?

डेन्मार्कच्या कालुंडबोर्गचं उदाहरण सगळे देतात, १९७२ मध्ये रिफायनरीचा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्डवाल्याला गेला आणि मग वीजकेंद्राची वाफ, जिप्सम असं वाढत गेलं. तिथे मोजके मोठे शेजारी, वर्षानुवर्षं तोच माल, आणि मॅनेजर लोक एकमेकांना ओळखणारे. आपल्याकडे शंभर छोटी युनिट, ऑर्डर बदलली की प्रॉडक्ट बदलतं, आणि स्पेंट ॲसिडमध्ये काय आहे हे सांगितलं तर शेजाऱ्याला आपला रूट (माल बनवायची पद्धत) कळेल ही भीती. तरी जमतं कुठेकुठे, पण ते एखाद्या जुन्या पर्चेस मॅनेजरच्या फोनवरच्या ओळखीवर.

कार्बन डायऑक्साइड पकडून युरिया करतात, ते सर्क्युलर का?

अमोनिया प्लांटमध्ये निघणारा सीओ२ युरियाला लागतोच, अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात तेच होतं. पण युरिया शेतात पडला की तोच सीओ२ परत हवेत. नळाखाली लावलेली बादली समजा, गळती थांबली असं नाही म्हणता येत.

सुरुवात कुठून करू? बजेट नाही.

एक प्रॉडक्ट निवडा, सगळ्यात जास्त सॉल्व्हंट खाणारं. तीन बॅच ऑपरेटरच्या सोबत उभं राहून वजन करा, ऑफिसात बसून नाही. रिकव्हर्ड ड्रमवर स्टेज, तारीख, जीसी प्युरिटी (लॅबच्या मशीनवर आलेली शुद्धता) लिहायची सवय लावा, पांढरा मार्कर पुरतो. एमडीसीचे वेंट आणि नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बघा. पहिल्या महिन्यात एवढंच. लाखभर रुपयेही लागत नाहीत, पण रात्रपाळीच्या माणसाला विश्वासात घ्यावं लागतं, कारण खरं काय होतं ते फक्त त्यालाच माहीत असतं.

रिकामे निळे ड्रम भंगारवाला चांगल्या भावाने नेतो. हेही रीयुजच झालं की?

नाही, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. केमिकल लागलेले रिकामे ड्रम त्याच हॅझार्डस वेस्ट रूल्समध्ये कॅटेगरी ३३.१ मध्ये येतात, म्हणजे हॅझार्डस वेस्ट. ते धुऊन स्वतःच परत वापरा किंवा डीकंटॅमिनेशनची परवानगी असलेल्याकडे मॅनिफेस्टवर द्या. भंगारवाल्याकडून ते ड्रम कुठे जातात हे एप्रिल-मे मध्ये डोंगरावरच्या कुठल्याही वाडीत चक्कर मारलीत तर दिसेल, पाण्याचा टँकर येतो तेव्हा रांगेत निळे ड्रमच असतात. मी एकदा एकाच्या अंगावर आमच्याच इंटरमीडिएटचं (मधल्या टप्प्यातल्या केमिकलचं) अर्धवट खरवडलेलं लेबल वाचलंय, आणि आतलं पाणी प्यायचं होतं.